भावोजींनी पुसलेला आकडा

माझे धाकटे दीर जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करतात. एका डॉक्टरीणबाईंनी आपला लहानपणीचा गेम आणून दिला आणि बजावलं, "यात माझा सगळ्यांत मोठा स्कोअर आहे, तेवढा जपा."

भावोजींनी गंज खरवडला, सुटलेल्या तारांना डाग दिला. गेम सुरू झाला. नीट चालतो का बघू म्हणून खेळायला बसले, ते जेवायलाही उठेनात. संध्याकाळी तोंड एवढंसं करून आले.

"वहिनी, घात झाला! बाईंचा आकडा पुसून माझाच लागला."

"मग हरायला काय झालं होतं?"

"हात ऐकेचनात."

बाई आल्या, पडदा बघितला, पर्स माझ्या मांडीवर टाकली. "सरका, काका."

दवाखान्यातून तीन फोन येऊन गेले. बाई अजून हरताहेत आणि त्या जिंकाव्यात म्हणून भावोजी देव पाण्यात घालून बसलेत.