साडेपाच मिलिमीटरचा मुतखडा

माझा मुतखडा साडेपाच मिलिमीटरचा होता. हे माप मी पांढरकवड्यातल्या निम्म्या ओळखीच्यांना तोंडपाठ करून दिलं आहे.

त्या दिवशी सकाळी शाळेत निघालो होतो. शर्टाची बटणं लावता लावता कमरेत उजवीकडून कळ उठली, आणि दहावीच्या पोरांना शिस्त शिकवणारा मी पडवीतच आडवा झालो. "मरून राह्यलो वो मी!" असं इतक्या जोरात ओरडलो, की समोरच्या घरातले दोघं कुणी भांडतंय का ते पाहायला आले. त्यांनीच मला ऑटोत घातलं. दवाखान्यात इंजेक्शन झालं, सोनोग्राफी झाली. भरपूर पाणी प्या, खडा पडून जाईल, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी मला घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी तो पडला. मधल्या तीन दिवसांत शाळेतले सगळे शिक्षक येऊन गेले. कुणी शहाळी आणली, कुणी कुळथाचं पाणी. मी उशीला टेकून प्रत्येकाला पहिल्या कळेपासून सगळं सांगत होतो. आत बायको चहा करत होती.

बायकोला संधिवात आहे. सकाळी तासभर तिची बोटं मिटत नाहीत. चहाचं पातेलं ती दोन्ही मनगटांत दाबून गॅसवरून उतरवते. दोन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली होती. चार-पाच महिन्यांत सूज उतरली, ती भाकरी थापायला लागली. तेव्हा मी घरातला शहाणा म्हणालो, "आता बरं वाटते ना तुले? मंग गोळी कायले? इतकं औषध चांगलं नसते."

तिने गोळी बंद केली. काही महिन्यांत हात पुन्हा सुजले. त्यावर माझं निदान तयारच होतं: डॉक्टरचं औषध टिकाऊ नव्हतं.

खडा पडल्यावर पुन्हा सोनोग्राफी करायला मी यवतमाळच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो. एसटीत पिशवी धरायला कुणी हवं, म्हणून बायकोला सोबत नेलं. डॉक्टर म्हणाले, "सर, खडा गेला. आता फक्त पाणी पीत राहा." मी समाधानाने कहाणी पहिल्यापासून सुरू केली. डॉक्टरांचं लक्ष मात्र बायकोकडे होतं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती.

"ताई, हात दाखवा. गोळी चालू आहे ना?"

"नाई."

"कोणी बंद केली?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. माझं नाव तिने घेतलं नाही. शेवटी मीच वर्गातल्या पोरासारखा हात अर्धवट वर केला.

डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "सर, तुमचं दुखणं अचानक आलं, जोरात आलं आणि खडा पडला तसं संपलं. यांचं तसं नाही. हे वर्षानुवर्षं सोबत राहणारं आहे. गोळी चालू होती म्हणून त्यांना बरं वाटत होतं. ते बरं वाटणं बघून तुम्ही गोळीच काढून घेतली. दोन बोटं आता पूर्ण सरळ होणार नाहीत."

मी त्या दोन बोटांकडे बघितलं. तीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचा हात मी आधी असा बघितलाच नव्हता.

रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू झाली. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "इतकं दुखत होतं तर बोलली काहून नाही?"

"बोलली होती. तुमी म्हणाले, थंडीनं दुखते."

म्हणालो असेन. थंडी, पाऊस, भांडी घासणं, सगळ्यांवर माझं खापर फोडून झालं होतं.

आता बुधवारची गोळी मी हातात आणून देतो आणि सकाळचा चहा करतो. पहिल्या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं. "ओटा बी तुमीच पुसा," ती खाटेवरून म्हणाली. हातांची सूज बरीच उतरली आहे. परवा तिच्या भावाचा फोन आला, तो मी स्पीकरवर लावला. "ताई आता बरी झाली काय?" त्याने मला विचारलं. मी जोरात "हो" म्हणणार, तेवढ्यात तिने फोन घेतला.

"बरी नाई झाली रे," ती म्हणाली. "पण बरं चालू हाये."