रुमालातली माती

सुनेने माझ्या गुडघ्याला चोळायला हळद घालून तेल गरम केलं आणि त्या वासासरशी मला आमची नायगावच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली आठवली.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीतल्या बायकांबरोबर मीही मोर्चाला निघाले आणि परळच्या नाक्यावरच पाय गळून खाली बसले. आमचे हे रोज तालमीत जाणारे. मला वाटलं, आता रागावतील. पण संध्याकाळी ते तालमीतली मूठभर तांबडी माती रुमालात बांधून घेऊन आले. तेल, ताक, हळद मुरलेली. दाराला कडी घालून त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली.

“बायकांना तालीम नाही, म्हणून तालीमच घरी आणली. पदर खोच आणि बैठका मार.”

“अहो, खालचे काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी काय जन्मभर हात द्यायला असणार आहे?”

या बोलण्याचा मला इतका राग आला, की त्या रागातच मी पाच मारल्या. ते समोर उकिडवे बसून मोजत होते, दोन्ही हात पुढे धरून, पण मला न लावता.

पुढच्या मोर्चात मी शेवटपर्यंत चालले. मोर्चा हे निमित्त होतं, हे आता कळतं.

त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. काल गुडघा बघायला आलेली फिजिओथेरपीवाली मुलगी चकित झाली. “आजी, हात न टेकता खुर्चीवरून उठता? व्यायाम कोण करून घेतं?”

“आमचे हे,” मी म्हटलं.