इन्व्हिडियस

घनसावंगीच्या हायस्कूलमध्ये मी सहा वर्षं इंग्रजी शिकवत होतो. हेडमास्तरांकडे रोज आदल्या दिवशीचा इंग्रजी पेपर यायचा. अडलेल्या शब्दाखाली ते लाल रेघ मारत आणि मधल्या सुट्टीत माझ्यापुढं धरत. "सर, ही काय भानगड?" सगळ्या स्टाफदेखत मी अर्थ सांगायचो.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये औरंगाबादहून एम.ए. झालेल्या नव्या बाई आल्या, आणि महिन्याभरात पेपर माझ्या टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडं जाऊ लागला. माझा नुसता जळफळाट झाला. शाळेतली एकुलती एक मोठी डिक्शनरी मी माझ्या कपाटात कोंडली. कुणी मागितली, की "चावी घरी राह्यली" म्हणायचो. चावी खिशातच असायची.

एक दिवस लाल रेघ 'इन्व्हिडियस' या शब्दाखाली होती. बाईंच्या आधी मीच घाईनं म्हणालो, "अदृश्य. न दिसणारं."

बाई म्हणाल्या, "सर, न्हाई वाटत तसं. लॅटिनमधी 'विदेरे' म्हंजे बघणं. 'इनविदेरे' म्हंजे एखाद्याकडं वाईट नजरेनं बघणं, आपण दृष्ट लावणं म्हंतो तसं. 'एन्व्ही' बी त्यातूनच आला. 'इन्व्हिडियस' म्हंजे ज्यानं दुसऱ्याच्या मनात असूया पेटावी असं. समजा, दोघांचं काम सारखं, अन् शाबासकी एकालाच."

हेडमास्तर खुशीत हसले. माझे कान तापले.

"लॅटिन कुठं शिकलात?" मी तिरकसपणे विचारलं.

"शिकले न्हाई. कॉलेजात डिक्शनरी घ्यायची ऐपत नव्हती. लायब्ररीत बसून शब्द मुळासकट उतरवून घेतले. सात वह्या झाल्या."

मी एक वही मागून घरी नेली. ती शिकायला नव्हे, चूक काढायला. अख्खा रविवार कपाटातून आणलेली डिक्शनरी शेजारी ठेवून पानं ताडून पाहिली. संध्याकाळी एका स्पेलिंगमध्ये एक 'एल' कमी सापडला, तेव्हा मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते.

सोमवारी सगळ्यांसमोर ती चूक दाखवली. बाईंनी लगेच पेन काढून 'एल' घातला. "बरं झालं सर, सांगितलंत. सहा वह्या अजून तपासायच्यात. तपासाल?"

मी हो म्हणालो. दिवाळीपर्यंत सहाही तपासल्या. आणखी चार चुका निघाल्या, आणि मला ठाऊक नसलेले शब्द किती निघाले, ते मी कुणालाच सांगितलं नाही.