बापाला मामा म्हणणारी भाषा

आम्ही जुन्या नर्सेस दादरला कुणाच्या घरी जमलो, की चहा निवतो पण किस्से संपत नाहीत. पेशंट बरा होऊन घरी जातो, किंवा जात नाही. त्याचा किस्सा मात्र वॉर्डातच राहतो आणि साचत जातो. माझ्याकडे सगळ्यात जास्त साचले ते परळच्या वॉर्डातले, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले. मैत्रिणी म्हणतात, "सुमन, हसवणारा सांग गं." मी सुरुवात तशीच करते.

*

रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडका पायावर पडला, म्हणून रामधनी आमच्याकडे आला होता. बिहारमधल्या छपऱ्याकडचा, भोजपुरी बोलणारा. जखम काही केल्या भरत नव्हती. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक दिवस गोदीतून गोरा खलाशी आणून ठेवला. छातीत पाणी झालेलं, अंगात ताप फणफणलेला. त्याचं रशियन जहाज त्याला इथे सोडून पुढे गेलं होतं.

ऑफिसने दुभाष्या म्हणून दादरच्या सबनीसला बोलावलं. तो हौसेने रशियन शिकत होता. खलाशी तोंडाने पुटपुटत होता आणि सबनीस त्याच्यावर वाकून बराच वेळ ऐकत होता. शेवटी सरळ उभा राहिला आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "सिस्टर, ही रशियन नाहीच."

ताप उतरल्यावर उलगडा झाला. माणूस जॉर्जियाचा होता. रशियन चांगली यायची त्याला, पण ताप चढला की ती कुठल्या कुठे जायची आणि नुसती घरची भाषा उरायची. नाव वाख्तांग. आमच्या आयाबाई पार्वतीमावशी मालवणच्या, त्यांच्या जिभेवर ते काही बसेना. त्यांनी त्याचा वखतराव करून टाकला.

*

तापात वखतराव सारखा "मामा, मामा" करायचा. रामधनीला वाईट वाटायचं. मला म्हणाला, "अपना मामा के बोलावत बा बेचारा."

पुढे सबनीसने विचारून घेतलं, तर जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात देदा. पार्वतीमावशी हातातलं भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "बापाशीक मामा म्हणतत? मगे मामाक काय म्हणतत?"

सगळा वॉर्ड हसला. रामधनी हसला नाही. तो मुंबईला आला तेव्हा त्याचा मुलगा पाळण्यात होता. कित्येक वर्षांनी गावी गेला, तर पोरगं दारात येऊन आत ओरडलं, की माई, कुणीतरी मामा आलाय. घरी येणारा परका पुरुष म्हणजे मामा, एवढंच त्याला ठाऊक.

"हमरो लइका हमके मामा कहलस," रामधनी म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

*

दोघांची दोस्ती जमली ती आकड्यांवरून. वखतरावाला आईचं वय सांगायचं होतं. सामोत्सी, म्हणाला, आणि तीन बोटं दाखवली. तीन वर्षांची आई कशी असेल? सबनीसने उलगडून सांगितलं, त्यांच्याकडे विसाच्या पटीत मोजतात. तीन वेळा वीस.

ते ऐकून रामधनी उठून बसायला बघू लागला. त्याच्या गावीही असंच मोजायचे, तीन कोरी. आणि त्याच्या माईचं वयही तेवढंच, अंदाजाने. मग रोज दुपारी दोघे एकमेकांना शब्द विचारू लागले. पाणी, भाकरी, पाऊस, बैल. एकही शब्द जुळायचा नाही. तरी रोज नव्या आशेने विचारायचे.

*

त्याच दिवसांत लालबागचा दत्ता आला. गिरणीत कामाला होता. मोर्चात घोषणा देत असताना गोळी त्याच्या जबड्यातून गेली होती. तोंडाला सगळं बँडेज, बोलणं बंद.

याने कुणाचं काय वाकडं केलं होतं, असं वखतरावाने विचारलं. सबनीसने सांगितलं, की आमच्या भाषेचं राज्य व्हावं म्हणून लोक रस्त्यावर उतरलेत. आता जॉर्जियन भाषेत जीभ आणि भाषा दोन्हीला एकच शब्द, एना. रशियनमध्येही तसंच. रामधनीने ऐकलं आणि म्हणाला, आमच्यातही जबान म्हणजे दोन्ही. वखतराव घोटाळ्यात पडला. त्याने पुन्हा विचारलं, "कुठली? तोंडातली की बोलायची?"

सबनीसने दत्ताच्या बँडेजकडे पाहिलं. "दोन्ही," म्हणाला.

*

हा शेवटचा.

रामधनीचा पाय काळा पडायला लागला. गुडघ्यापासून कापायचं ठरलं. त्या सकाळी स्ट्रेचर आलं, तेव्हा वखतराव स्वतः उठायच्या अवस्थेत नव्हता. पुन्हा ताप चढला होता, धाप लागत होती. तरी भिंतीला धरून उभा राहिला आणि त्याने रामधनीचा हात दोन्ही हातांत घेतला. "शेन गेनात्स्वाले," म्हणाला.

सबनीस तेव्हा हजर होता. त्याने अर्थ विचारला. तापातही जमेल तसं वखतरावाने रशियनमध्ये सांगितलं: तुझ्यावर आलेलं माझ्यावर येवो, तुझ्या जागी मी.

मी ते हिंदीत रामधनीला सांगितलं. तो म्हणाला, हे तर माई म्हणते. "तोहार बलाय हमरा के लागे." पहिल्यांदाच दोघांचं अख्खं वाक्य जुळलं होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि तसाच तो आत गेला.

दुपारी रामधनी शुद्धीवर आला, तेव्हा पार्वतीमावशी शेजारच्या खाटेवर धुतलेली चादर घालत होत्या. वखतरावाचं त्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.  त्याने कापलेल्या पायाकडे पाहिलंही नाही. माझी खाट जरा तिकडे सरकवा, एवढंच म्हणाला.

आम्ही दोघींनी सरकवली. त्याने हात लांब केले, रिकाम्या उशीवरून ओवाळले, आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.