तांडेलाच्या लेकीचा खोत

कायद्याने खोती कधीच गेली होती, फारुख खोताच्या मानेतला ताठा मात्र गेला नव्हता. बहारीनमध्ये तो एका गॅरेजात स्टोअरकीपर होता आणि जिदहफ्सला एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. तरी रत्नागिरीकडची त्याच्या गावची माणसं त्याला खोतसाहेबच म्हणत, आणि ही हाक त्याला मनापासून आवडायची. का आवडू नये? त्यांतल्या कित्येकांचे व्हिसा त्यानेच पाठवले होते. सावत्र भाऊ नजीबचाही.

एक्याऐंशी साली वडील गेले आणि गावात एकच प्रश्न उरला. उरुसात पीराच्या संदलाचं, म्हणजे चंदनलेपाचं, तबक डोक्यावर कोण घेणार? जो घेईल तो खोत. फारुख थोरला. त्याने रजा मंजूर करून घेतली, तिकीटही काढलं.

गावाहून कुणी आलं की सोबत कॅसेट यायची आणि शुक्रवारी जेवणं झाल्यावर ती सगळ्यांसमोर लागायची. त्या शुक्रवारी आलेली कॅसेट खरं तर एकट्या नजीबसाठी होती. पण रिवाज तो रिवाज, कुणीतरी ती लावून मोकळं झालं.

आवाज जुबैदाचा होता, नजीबच्या आईचा. "नजीब, तूपण ये. फारुख थोरला असला तरी हलिमा तांडेलाची पोर होती. मचव्यावाल्याच्या नातवाने तबक घेतलं तर खोतांच्या घरची काय शोभा?"

नजीब टेप बंद करायला धावला. फारुखने त्याचा हात धरला आणि कॅसेट शेवटपर्यंत वाजू दिली. हलिमा, त्याची आई, त्याच्या लहानपणीच गेली होती. तिच्याबद्दल असं कुणी त्याच्या तोंडावर बोललं नव्हतं. त्याच्या अंगाचा नुसता जाळ झाला.

खोलीतले म्हातारे इशरतचाचा समजुतीचं बोलू लागले. घर फुटू नये, धाकट्याला मान द्यावा, थोरल्याने मोठं मन करावं. फारुखने ते सगळं ऐकून घेतलं आणि नजीबकडे वळून विचारलं, "तुला हवाय काय मान?"

"अम्माला हवाय."

"मी तुला विचारतोय."

फारुखने कॅसेट उलटी केली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ताठ बसून बोलला.

"छोटी अम्मा, सलाम. फारुख बोलतोय. तबक मीच घेणार. तबक घेणाऱ्याला पुकारताना बापाचं नाव घेतात, यंदा आईचंही घ्यायला लावणार. हलिमा, तांडेलाची लेक. तिच्या बापाने मचवा हाकारून बसऱ्यापर्यंत नेला. आपल्या घरातल्या एका तरी खोताने खाडी ओलांडली होती काय? ते नाव ऐकून ज्याला मागे सरायचं असेल त्याने खुशाल सरावं."

टेप फिरतच होती. मग नजीबने ती स्वतःकडे ओढली.

"अम्मा, मी नजीब. मी येतोय. भाईच्या मागून चालायला."