आत्याला घेऊन वायनरीत

आमच्या घरात चांगल्या चपलांचा जोड एकच होता. ज्याला पौडला तहसिलात किंवा कुणाच्या लग्नाला जायचं असेल त्याने तो घालायचा, बाकीच्यांनी अनवाणी. वडील धरणात मासे धरायचे, आई रिसॉर्टची भांडी घासायची, आणि खाचरातला भात शिमग्यापर्यंत पुरला तर ते वर्ष चांगलं गेलं म्हणायचो. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा तो जोड माझ्याकडे आला. वडिलांच्या मापाचा होता. वर्गात आधी चपलांचा आवाज शिरायचा, मग मी. तसल्या चपलांत मी बी.ए. झाले, घरातली पहिली. हे मी मुद्दाम सांगते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पदवी झाली, पण नोकरी मिळेना. हिंजवडीच्या कंपन्यांना इंग्रजी हवं, तेही फडाफडा. तेवढ्यात कळलं, गावापासून थोड्या अंतरावरच्या वायनरीत पाहुण्यांना फिरवून वाइन चाखवायला माणूस पाहिजे आहे. वायनरी एका ज्यू कुटुंबाची. मूळचे अलिबागकडचे, घरात बोलणं मराठीच. त्यांनी मला रविवारी बोलावलं, कारण शनिवारी ते लोक कामाला हात लावत नाहीत.

वडील म्हणाले, पोरगी एकटी दारूच्या कारखान्यात जाणार नाही. मग माझी अब्रू सांभाळायला आत्या बरोबर आली. आमची आत्या कुणाच्याही लग्नात न सांगता पदर खोचून वाढायला उभी राहते. परक्या घरीसुद्धा तिला नुसतं बसवत नाही.

मालकांच्या डोक्यावर छोटी गोल टोपी होती. त्यांनी आधी आम्हाला कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारी वाइन, कशी असते ते समजावलं. द्राक्षं नाशिककडून येतात, पण एकदा ती चिरडली की बाटलीला बूच बसेपर्यंत त्या रसाचं सगळं काम घरच्यांनीच करायचं. वाइन उकळवून घेतलेली असेल तर कुणीही ओतली तरी चालते. न उकळवलेली बाहेरच्या माणसाने ओतली, की ती धर्माने बाद. मुलगे, सुना, सगळे म्हणूनच राबत होते. मी मान हलवत होते. आत्याचं लक्ष नव्हतं. ती मालकांच्या म्हाताऱ्या आईला गुडघ्याला कसलं तेल लावता ते विचारत होती.

मग चाखणं सुरू झालं. मी मोबाइलवर बघून आले होते: पेला फिरवायचा, नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. मी पेला इतक्या जोरात फिरवला की मालकांच्या पांढऱ्या शर्टावर नक्षी उमटली. त्यांनी शर्ट झटकला. कसला वास येतो, एवढंच विचारलं. मोबाइलमधली बाई ओक लाकूड, चॉकलेट असलं काय काय म्हणाली होती. माझ्या नाकाला मात्र माळ्यावरच्या जुन्या चिंचेचा वास येत होता. मी तेच सांगितलं. मालकांनी परत पेल्यात नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

आत्याने पेला घ्यायला नकार दिला. म्हणाली, बाटलीला तोंड लावणाऱ्यातली मी न्हाई. पण देवाधर्माची आहे म्हणता तर नाही कसं म्हणू, म्हणून तिने देवळात पुढे करतात तसा उजव्या हाताचा तळवा पुढे केला. मालकांनी गोंधळून त्यावर चमचाभर वाइन ओतली. आत्याने ती पिऊन हात डोक्यावरून फिरवला. थुंकायचं भांडं दाखवलं तेव्हा ती मालकांकडे अशी बघायला लागली, की त्यांनीच ते टेबलाखाली सरकवलं.

पुढची वाइन न उकळवलेली होती. मालकांनी पिंपाची तोटी उघडून काचेचा जग भरला, टेबलावर ठेवला आणि शर्ट पुसायला वळले. आत्या उठली. "बसा दादा, कवाधरनं उभं हाय तुमी," म्हणत तिने जग उचलला आणि सगळ्यांचे पेले भरले. मालकांच्या आईचा तर काठोकाठ.

मालक वळले आणि नको, नको म्हणाले. आता आमच्याकडे यजमान नको म्हणाला की पाहुण्याने जास्त जोर लावायचा असतो. मालक जितके नको म्हणत तितकी आत्या खूश होत होती. त्यांनी धरायला हात पुढे केला तर तिने जग पदराआड घेतला. पेले भरूनही जगात बरीच वाइन उरली होती. आत्या अन्न टाकणारी नाही. उरलेली परत ओतायला ती सरळ पिंपाकडे निघाली. त्यावरचं मोठं बूच आम्हाला वास घेता यावा म्हणून काढून ठेवलं होतं.

मालक तिच्यामागे, त्यांची सून मालकांमागे. मालकांची आई बसल्या जागेवरून काठी आपटत होती. मला एवढंच कळत होतं, की सगळ्या पिंपाचं वाटोळं होणार आणि माझी नोकरी आत्याच्या हातातल्या जगातून खाली जाणार. धर्माने बाद होतं वगैरे मालक तिला ओरडून सांगत होते. ती म्हणाली, "आसं व्हय, मग वाया कशाला घालवायचं?" आणि जग तिरपा केला.

"आत्या, नैवेद्य हाय त्यो," मी म्हणाले. "दाखवायचा ऱ्हायलाय अजून."

आत्या जागच्या जागी थांबली. जग उभा केला. मग हळूच तोंडावर पदर धरून मागे सरकली, श्वासही पिंपावर पडू नये म्हणून.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" ती मालकांवरच उखडली. "नैवेद्याचं भांडं कुनी आसं उगडं ठिवतं?"

मालकांनी मुकाट्याने बूच बसवलं. ते पुरतं बसलंय का, हे आत्याने लांबूनच मान वाकडी करून बघितलं. नंतर सून पेले आवरायला आली, तर आत्याने तिला आधी हात धुवायला लावले.

मालक खुर्चीत बसले. म्हणाले, दारावर पाटी आहे, मी स्वतः घसा फोडून सांगतो, तरी पुण्याहून आलेले शिकलेले लोक तोटीला हात लावतात. इतकी वर्षं हे कुणाला एका शब्दात सांगता आलं नाही. त्यांच्या आईने काठी माझ्याकडे केली.

"हिला ठेव," त्या म्हणाल्या. "पण आत्याला पुढच्या वेळी बाहेर बसव."

आत्याचा हात लागलेला जग त्यांच्या कामाचा उरला नव्हता. तो वाइनसकट आम्हाला दिला. घरी वडिलांनी एक घोट घेतला आणि मासे शिजवायला बरी आहे म्हणाले.

आता त्या वायनरीत येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना मीच फिरवते. मी तिथे लागल्यापासून पिंपाला बाहेरच्या एकाही माणसाचा हात लागलेला नाही.