कांद्याच्या पावांचा वास

“वास घे की जरा. आणि खरं सांग.”

मी दार पुरतं उघडायच्या आत शेजारच्या काकींनी गरम पाव माझ्या नाकाखाली धरलेला असायचा. हातात फडकं, फडक्यात पाव आणि नजर माझ्या तोंडावर. मी वास घेऊन सांगायची, “कांदा जरा जास्त तांबूस झालाय. करपलेला नाही.” मग त्या तोच पाव स्वतःच्या नाकाशी नेऊन दोनदा श्वास ओढायच्या.

“न्हाय,” म्हणायच्या. “काय बी न्हाय.”

आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच दाराशी त्यांचे पाव जायचे, पण वास घ्यायला त्या माझ्याकडंच यायच्या. कारण त्यांनीच सांगितलं होतं. “बाकीच्या लई गोड बोलतात. तू रक्त तपासतीस. तुझ्या तोंडातनं हाय तेच येतं.” मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये असेल ते लिहायचं, माणसाच्या तोंडाकडं बघून आकडा बदलायचा नाही, एवढं मला येतं.

त्या मोठ्या साथीत काकी आणि काका दोघंही आजारी पडले. काकांना आधी नेलं. ॲम्ब्युलन्स आली, ते बनियनवरच चढले, आणि परत आले नाहीत. शेवटचं तोंडही कुणाला बघू दिलं नाही. काकी बऱ्या होऊन घरी आल्या, पण नाक गेलं ते गेलंच. तेव्हा बऱ्याच जणांचं गेलं होतं. माझंही गेलं होतं. माझं महिन्याभरात परत आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, रोज काहीतरी उग्र हुंगत राहा, नाक पुन्हा शिकेल. कुणी लवंग हुंगली असती, कुणी कापूर. काकींनी कांद्याचे पाव काढले.

वारणानगरच्या कॉलनीत राहत असताना बायकांच्या क्लासात त्या ते शिकल्या होत्या. कोमट दुधात यीस्ट आणि साखर, वर फेस आला की मैदा. मळायचं ते मनगट दुखेपर्यंत. ओल्या फडक्याखाली पीठ दुप्पट फुगलं की ते पोळीसारखं लाटायचं, त्यावर लोण्यात परतलेला कांदा आणि आपली कांदा-लसूण चटणी पसरायची, वळकटी करायची आणि दोऱ्यानं कापायची. सुरीनं कापलं की दबतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं मिसळीबरोबरचा ब्रेडसुद्धा लोक दुकानातून आणतात, त्यामुळं घरी पाव भाजणाऱ्या बाईला गल्लीनं आधी वेड्यात काढलं आणि मग निमूट खाल्लं.

निमूट म्हणजे पहिले काही महिने. नंतर माझा नवराच म्हणाला, “अगं, आपल्या घरात चपाती करायची पद्धत होती ना?” गॅस सिलिंडर घेऊन येणारा माणूस काकींच्या दारात हळूच सिलिंडर ठेवून सटकायला बघायचा. काकी आतून ओरडायच्या, “ओ पावणं! पळताय कुठं? खाऊन जावा की!”

चिरताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागायची. “बघ,” म्हणायच्या, “डोळ्यास्नी कळतंय. ह्या नाकालाच काय धाड भरलीया?”

मी एकदा म्हटलं, “काकी, चव आहे, भूक आहे, हातपाय चालतात. नाकाचं एवढं काय घेऊन बसलात?”

त्या मला आत घेऊन गेल्या. कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत काकांचा चौकटीचा शर्ट होता. त्यांना नेलं त्याच्या आदल्या दिवशी घातलेला, दारामागं खुंटीला राहिलेला. लेकीनं घरातलं सगळं फिनेलनं धुऊन काढलं होतं, एवढा शर्ट वाचला होता.

“ह्यात मालक हायत,” काकी म्हणाल्या. “तंबाखू, खोबरेल आणि घाम. नाक आलं की घेणार.”

पाव भाजून झाला की त्या आधी पावाचा वास घ्यायच्या. तो आला नाही तरी आशेनं पिशवी उघडायच्या, शर्ट बाहेर काढायच्या, त्यात तोंड खुपसायच्या आणि पुन्हा नीट घडी करून ठेवायच्या. मला त्यांनी तो कधी हुंगू दिला नाही. “तुझ्या नाकानं संपंल,” म्हणायच्या. मी हसले होते.

वर्षं गेली. लेकीनं इचलकरंजीहून येऊन त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं सरळ सांगितलं, आता येणार नाही. त्या दिवशी काकी माझ्याकडं आल्या तेव्हा हातात पाव नव्हता. पिशवी होती.

“मला न्हाय ते न्हाय,” म्हणाल्या. “तू घे. आणि मालकांचा वास कसा हाय त्यो मला सांग. मी ध्यानात आणती.”

मी शर्ट घेतला. कॉलर हुंगली. बगल हुंगली. खिसा उलटा करून हुंगला. पुन्हा कॉलर.

“सांग की.”

“कांद्याचा,” मी म्हटलं.

“आन् तंबाखू?”

“नाही.”

“खोबरेल?”

“नाही, काकी. कांदा आणि लोणी. तेवढंच.”

तुम्ही म्हणाल, खोटं बोलायचं. तंबाखू म्हणायचं, काय जात होतं? पण त्या गोड बोलणाऱ्या बायकांना ओलांडून माझ्या दारात आल्या होत्या.

काकींनी शर्टाकडं बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडं बघितलं. बोटं उघडली, मिटली. मग सवयीनं ती नाकाशी नेली आणि अर्ध्यातच थांबवली.

“एवढी वर्षं मीच की गं,” म्हणाल्या. “ह्याच हातांनी.”

दुसऱ्या दिवशी गल्लीत कांदा परतल्याचा वास नव्हता. मी लॅबला निघाले तर काकी पायरीवर बसलेल्या. मागं दोरीवर चौकटीचा शर्ट, धुतलेला, उलटा करून घातलेला, बाह्यांतून पाणी गळत होतं. काकींचे केस विंचरलेले नव्हते.

“आज पाव नाही?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“न्हाय.”

“सोडू नका, काकी. डॉक्टर चुकतातही. नाक येईल अजून.”

“यील की,” म्हणाल्या. “आता यीना का. वास कुणाचा घ्यायचा?”

आता त्याही नाहीत, घराला कुलूप आहे. शर्ट त्यांनी नंतर कधी दोरीवरून काढलाच नाही. उन्हानं त्याच्या चौकटी उडाल्या आणि तो नुसता पांढरा झाला.